मांजरीच्या पिल्लांना दूध पुरतंय का? कसं ओळखायचं आणि नाही पुरलं तर काय करायचं

रानजाई

मांजर व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हटकून येणारा प्रश्न: पिल्लं लुचताना तर दिसतात, पण पोटात दूध जातंय का? नुसतं बघून हे कळत नाही. पिल्लू सडाला तोंड लावून अर्धा तास पडून राहिलं तरी उपाशी असू शकतं. उलट पाच मिनिटं लुचून झोपून गेलेल्याचं पोट भरलेलं असतं. त्यामुळे माहीतगारांनी इथे नेमकी माहिती लिहावी, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध करावी लागणार नाही. सुरुवात मी करते.

पहिली गोष्ट वजन. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा डिजिटल काटा घ्या. त्यावर उथळ डबा ठेवा, डब्यात जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरा, काटा शून्यावर आणा आणि मग पिल्लू ठेवा. फडकं हवंच, नाहीतर गार प्लास्टिकवर पिल्लू वळवळतं आणि आकडा स्थिर होत नाही. रोज एकाच वेळी वजन करा. सकाळी भुकेलं आणि दुसऱ्या दिवशी नुकतं लुचलेलं असं तोललंत तर चार-पाच ग्रॅमचा फरक फसवा पडतो.

जन्मतः पिल्लू साधारण ८५ ते ११५ ग्रॅमचं असतं. पहिल्या चोवीस तासांत थोडं उतरलं तर चालतं, मात्र जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर रोज १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. सात ते दहा दिवसांत वजन दुप्पट होतं, दोन आठवड्यांना २५०-३०० ग्रॅम, तीन आठवड्यांना ३५०-४००, चार आठवड्यांना ४५०-५०० च्या आसपास. एखादं पिल्लू मुळातच बारीक असेल तर या आकड्यांच्या मागे राहील, त्याने घाबरू नका. ते रोज चढतंय का, एवढं बघा. एक दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर बारा तासांनी पुन्हा तोला. उतरलं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हातपाय हलवायचे.

सगळी पिल्लं एकाच रंगाची असतील तर ओळखण्यासाठी प्रत्येकाचे केस वेगळ्या जागी चिमूटभर कातरा: एकाच्या खांद्यावर, एकाच्या कमरेवर, एकाच्या शेपटीच्या मुळाशी. गळ्यात दोरा किंवा रिबन अजिबात बांधू नका. पिल्लू दिवसागणिक वाढतं, दोरा वाढत नाही. शिवाय आई चाटताना त्यात दात अडकतो.

दुसरी गोष्ट, चीक. व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून पिल्लांना रोगप्रतिकारशक्ती मिळते आणि ती आतड्यातून रक्तात शोषून घेण्याची मुभा पिल्लाच्या शरीरात जेमतेम पहिले १६-१८ तास असते. म्हणून जन्मल्यावर दोन तासांच्या आत प्रत्येक पिल्लू एकदा तरी सडाला लागलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जे लागलं नाही त्याला हाताने उचलून सडाशी न्या, सड बोटांत हलकेच दाबून दुधाचा थेंब त्याच्या ओठांना लावा.

चिंचेचं_पान

रानजाई, उत्तम धागा. वजनाच्याही आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे ऊब. बहुतेक पिल्लं इथेच दगावतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही, कुडकुडताही येत नाही. या वयात त्याच्या अंगाचं तापमान साधारण ९५ ते ९८ फॅरनहाइट (३५ ते ३६.५ सेल्सिअस) असतं. ते ९४ च्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते, चोखण्याची ताकद जाते. असं गार पिल्लू आईजवळ ठेवलं तरी लुचत नाही, आणि अंगाला गार लागणाऱ्या पिल्लाला पुष्कळदा आईच बाजूला सारते. लोकांना वाटतं आईने टाकलं. खरं तर ते आधी गार पडलेलं असतं.

अशा पिल्लाच्या तोंडात दूध घालणं घातक आहे. पोटात गेलेलं दूध पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं, पोट फुगतं किंवा दूध उलट येऊन फुफ्फुसात उतरतं. आधी ऊब, मग दूध. हा क्रम मोडायचा नाही.

ऊब हळूहळू द्यायची, तास-दोन तास घेऊन. पिल्लू सुती फडक्यात गुंडाळून आपल्या छातीशी धरणं सगळ्यात सुरक्षित. नाहीतर गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त उष्ण झालं तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरपटता येतं. पाणी निवलं की पिशवी काढा. निवलेली पिशवी उलट अंगातली ऊब ओढून घेते, आणि रात्री नेमकं हेच विसरलं जातं. बल्ब लावणार असाल तर खोक्यापासून लांब आणि एका कोपऱ्यावर. हेअर ड्रायर, गरम पाण्यात बुडवणं, हीटरसमोर धरणं हे प्रकार नकोत.

खोक्यातली हवा पहिल्या आठवड्यात ३०-३२ सेल्सिअस, दुसऱ्यात २७-२९, तिसऱ्यात २४-२७. म्हणजे मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे वेगळी ऊब द्यायची गरज नाहीच, तिथे प्रश्न उलटा असतो: पत्र्याखालच्या खोलीत पिल्लं आणि आई दोघंही सुकतात. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र दमट गारठा असतो, अंथरूण ओलं राहतं. दिवसातून दोनदा फडकं बदला.

घारे_डोळे

वाचतोय. एक शंका. पिल्लाचं पोट गोल गरगरीत दिसतं, पण दोन दिवस वजन वाढत नाही. मग दूध मिळतंय असं धरायचं की नाही?

रानजाई

नाही. वजन वाढत नाही म्हणजे पुरेसं मिळत नाही किंवा मिळालेलं अंगी लागत नाही, पोट कितीही गोल दिसो.

दुधाने भरलेलं पोट बोटाला मऊ लागतं, बाजूंनी किंचित फुगलेलं असतं आणि पिल्लू गाढ झोपलेलं असतं. झोपेत त्याचे पाय, मिश्या अधूनमधून थरथरतात, ती चांगली खूण. वाऱ्याने फुगलेलं पोट ढोलकीसारखं ताणलेलं लागतं आणि पिल्लू किरकिर करत राहतं. रिकामं सड चोखत राहिलं की हवाच पोटात जाते. तीन आठवड्यांनंतर पोट मोठं आणि पाठ हडकुळी दिसली तर जंतांचा संशय घ्यावा. गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात. जंताचं औषध कोणतं आणि किती ते डॉक्टर पिल्लाचं वजन करून ठरवतील, अंदाजाने थेंब घालू नका.

आणखी एक पडताळा. आई तासाभरासाठी बाहेर गेली की ती परतायच्या आत सगळी पिल्लं एकत्र एका डब्यात तोला. ती येऊन पाजून झाली की लगेच पुन्हा एकत्र तोला. एका पिल्लाच्या पोटात एका वेळी दोन-तीन ग्रॅमच दूध जातं, १ ग्रॅमच्या काट्यावर ते धड दिसत नाही. पण पाच पिल्लांचे मिळून दहा-बारा ग्रॅम चढले तर आईला दूध आहे हे नक्की. चढलेच नाहीत, तर एकदा पुन्हा करून बघा, कारण आई पाजतापाजता चाटून शू करवते आणि तेवढं वजन कमी होतं. तरीही तसंच आलं तर कारण आईकडे शोधायचं.

डोंगरवाट

यात भर: शूचा रंग. ओल्या कोमट कापसाने पिल्लाची शूची जागा हलके पुसली की लगेच थेंब येतात. पांढऱ्या कापसावर बघा. जवळजवळ पाण्यासारखी किंवा फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी म्हणजे पोटात द्रव कमी जातोय. कातडी चिमटीत धरून सोडायची परीक्षा मोठ्या मांजरासाठी ठीक आहे, इतक्या लहान पिल्लात ती फसवते. त्यापेक्षा हिरड्यांना करंगळी लावा: ओलसर, गुळगुळीत लागल्या पाहिजेत. बोट चिकटलं तर पिल्लू सुकलंय.

शू लालसर-तपकिरी असेल तर तो दुधाचा प्रश्न नाही, तातडीने डॉक्टर. ब्रिटिश शॉर्टहेअरसारख्या जातींत आईचा रक्तगट बी आणि पिल्लांचा ए असला तर चिकातली प्रतिद्रव्यं पिल्लांच्या रक्तपेशी फोडतात. तिथे जितकं जास्त लुचेल तितकं पिल्लू खालावतं.

पशुवैद्य_साताऱ्याचा

आईची तपासणी कशी करायची ते लिहितो, कारण पिल्लाच्या तोंडात बाटली जाण्याआधी हे व्हायला हवं.

मांजरीला बहुधा आठ सडं असतात, चारच्या दोन ओळी. ती निवांत आडवी पडली असताना प्रत्येक सडाभोवतीचा भाग बोटांनी चाचपा. दूध असलेला भाग भरलेला, मऊ आणि जरासा उबदार लागतो. अंगठा आणि तर्जनीने सडाच्या मुळाशी धरून हलका दाब दिला की पांढरा थेंब यायला हवा. इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायच्या.

एक, थेंबही नाही आणि भाग सपाट: दूध तयारच होत नाहीये. पहिलटकरीण, फार अशक्त, आजारी किंवा वेळेआधी व्यालेली मांजर असेल तर असं होतं. पोटात पिल्लू किंवा वार अडकली असेल तरी होतं, तेव्हा बहुतेक ताप असतो, घाण वासाचा स्राव असतो, खाणं बंद असतं.

दोन, भाग भरलेला पण थेंब येत नाही: दूध आहे, पान्हा सुटत नाही. मांजर घाबरलेली असली की हे होतं. खोक्याभोवती माणसांची वर्दळ, कुत्रा, फेऱ्या मारणारा बोका, दर तासाला पिल्लं हातात घेऊन बघणारी मुलं. खोकं अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात हलवा, तोंड एका बाजूनेच उघडं ठेवा, माणसं कमी करा. बऱ्याचदा एवढ्यानेच काही तासांत पान्हा सुटतो. नाही सुटला तर पान्हा यायला औषधं आहेत, ती दवाखान्यातच द्यायची. आत पिल्लू अडकलेलं असताना चुकीचं इंजेक्शन दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

तीन, एखादा भाग कडक, गरम, दुखरा, लाल किंवा जांभळा: सुजलाय. दूध पिवळट, गुठळ्यांचं किंवा रक्ताळलेलं येतं. आई पिल्लांना बसू देत नाही, उठून जाते. त्याच दिवशी दवाखाना. कोमट ओल्या कापडाने दिवसातून तीन-चारदा शेक द्या. त्या सडाला पिल्लं लावायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं. जांभळा-काळा पडलेला भाग असेल तर तिथे पिल्लू लावू नकाच.

पर्शियन किंवा तशाच लांब केसांच्या मांजरीच्या पोटाचे केस सडांभोवती गोल कातरून घ्या. पिल्लू केसांचा पुंजका चोखत बसतं आणि सड बाजूलाच राहतं. हे इतकं साधं कारण आहे की कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि एक तातडीचं. पाजणारी मांजर, विशेषतः पाच-सहा पिल्लांची, अचानक अस्वस्थ झाली, धापा टाकू लागली, पाय ताठ करून चालू लागली, अंगाला थरथर सुटली, तर रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. पिल्लं लगेच बाजूला करा आणि तिला उचलून दवाखान्यात न्या. काही तासांत झटके येऊन जीव जातो. तोंडाने कॅल्शियमचं सिरप पाजत घरी बसू नका. गाभण असताना आपल्या मनाने कॅल्शियम चालू करणंही टाळा, त्याने शरीराची स्वतःची यंत्रणा सुस्तावते आणि व्याल्यावर हाच त्रास होतो.

केतकी_वन

बाळंतिणीला हळीव, मेथी, शतावरी देतात तसं मांजरीला शतावरी कल्प दिला तर दूध वाढतं का? आमच्याकडे बरेच जण देतात.

पशुवैद्य_साताऱ्याचा

नको. कल्पात साखर असते, मांजरीला तिचा उपयोग नाही, पोट बिघडतं. दूध वाढतं ते तीन गोष्टींनी: पिल्लांनी सड रिकामं करणं, पोटभर मांसाहारी खाणं आणि भरपूर पाणी.

पाजणाऱ्या मांजरीची भूक व्याल्यापासून वाढत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाते. त्या काळात दूधभात, पोळी-दूध यावर ठेवलेली मांजर स्वतःची हाडं-स्नायू झिजवून दूध देते आणि मग आटते. टॉरिन हे मांजरीला अत्यावश्यक असलेलं द्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं, डाळ-भातात ते नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पिल्लांसाठी मिळणारं पॅकेटचं खाणं आईला दिवसभर उघडं ठेवा. त्यात प्रथिनं, चरबी, कॅल्शियम जास्त असतं. घरचं देणार असाल तर उकडलेलं बिनहाडाचं चिकन त्याच्या पाण्यासकट, उकडलेलं अंडं, उकडलेला ताजा मासा. कांदा, लसूण, मीठ, मसाला काही नाही. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तपेशी फुटतात, रश्श्यातला असला तरी. सुकट, सुके बोंबील खारट असतात, ते टाळा. काळीज आठवड्यातून एकदा-दोनदा, थोडंसं. दिवसातून चार-पाच वेळा खायला द्या आणि वाटी खोक्यापासून हाताभर अंतरावर ठेवा. पहिले काही दिवस ती पिल्लं सोडून स्वयंपाकघरापर्यंत येत नाही, आणि न खाल्ल्याने दूध कमी पडतं.

घरचंच अन्न पूर्ण दोन महिने देणार असाल तर कॅल्शियमचा हिशेब जमत नाही, तेव्हा निदान निम्मं पॅकेटचं असू द्या.

सावळीविहीर

पिल्लं सहा-सात असतील तर? दणकट पिल्लं मागची, जास्त दुधाची सडं धरून ठेवतात आणि बारक्याला जागाच मिळत नाही.

चिंचेचं_पान

पिल्लं पहिल्या काही दिवसांतच आपापलं सड ठरवतात, वासावरून तेच शोधतात. त्यामुळे बारक्याला रोज नवीन ठिकाणी लावत बसू नका. एक भरलेलं सड बघून दर वेळी तिथेच लावा.

सहापेक्षा जास्त असतील तर दोन गट करा. बारकी तीन आधी, पंधरा-वीस मिनिटं. तोवर दणकट तीन-चार उबदार खोक्यात, आईच्या नजरेसमोर. मग अदलाबदल. गट दोन-दोन तासांनी फिरवायचे, रात्री सगळी एकत्र. दणकटांची वाढ १५ वरून १२ ग्रॅमवर आली तर बिघडत नाही, बारकं ३ वरून ९ वर येतं.

दोन दिवसांत फरक पडला नाही तर बारक्याला वरचं दूध चालू करा, पण आईजवळून काढू नका. आधी लुचू द्या, नंतर वरचं. हिशेबाने पूर्ण दिवसाचं जितकं येईल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात आणि दुसऱ्या दिवशीचं वजन बघून कमी-जास्त. पूर्ण पोट वरच्या दुधाने भरलं तर ते लुचणार नाही, लुचलं नाही तर ते सड आटेल.

त्याआधी त्याचं तोंड उघडून टाळू बघा. मोबाइलच्या उजेडात वरचा टाळू सलग गुलाबी दिसला पाहिजे. मधे चीर असेल तर दूध नाकातून येतं, पिल्लू सतत ठसकतं आणि वाढत नाही. त्याला बाटली नाही, डॉक्टरच.

डोंगरवाट

वरचं दूध कसं पाजायचं, सविस्तर.

*किती.* दर १०० ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण २० किलोकॅलरी लागतात. मांजरीच्या पिल्लांच्या दुधाची पावडर (रॉयल कॅनिनचं बेबीकॅट मिल्क, केएमआर वगैरे) पाकिटावर सांगितल्याप्रमाणे कालवली तर मिलिलिटरला अंदाजे ०.८ ते १ किलोकॅलरी पडते. म्हणजे दर १०० ग्रॅमला दिवसाचे २० ते २५ मिली. पण जठर लहान असतं, एका वेळी १०० ग्रॅमला ४ मिलीच्या वर जाऊ नका. उदाहरणार्थ १२० ग्रॅमचं पिल्लू: दिवसाचे साधारण ३० मिली, एका वेळचे जास्तीत जास्त ५. आठ वेळा विभागलं तर दर वेळी पावणेचार मिली, हे चांगलं बसतं. रोजचं नवीन वजन घेऊन रोज हिशेब बदला.

*केव्हा.* आई नसलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, दुसऱ्यात दोन ते तीन, तिसऱ्यात तीन ते चार, चौथ्यात चार ते पाच तासांनी. पहिले दोन आठवडे रात्रीही.

*पावडर.* उकळून कोमट केलेलं पाणी, पाकिटातलाच चमचा, सपाट भरलेला. दाट केलं की जास्त पोषण मिळेल असं वाटून पावडर वाढवू नका, बद्धकोष्ठ होतो, पिल्लू सुकतं. पातळ केलं तर पोट भरतं पण वजन चढत नाही. गुठळ्या राहिल्या तर चहाच्या बारीक गाळणीने गाळा, नाहीतर निपलचं भोक बुजतं. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये चोवीस तास, त्यापुढे टाकून द्या. वाटीत काढून गरम केलेलं उरलं तर परत फ्रिजमध्ये ठेवू नका. गरम करायचं ते वाटी गरम पाण्यात ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये मधेच एखादा चटका बसणारा भाग राहतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर ना गार ना गरम असा लागला पाहिजे, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या आसपास.

*कशाने.* पहिला आठवडा १ मिलीची बिनसुईची सिरिंज, मग ३ मिलीची. सिरिंजच्या दट्ट्याचं रबर चार-सहा वेळा उकळलं की कोरडं पडतं. मग दट्टा अडकतो, आपण जोर लावतो आणि अचानक अर्धा मिली एकदम घशात जातो. श्वासात दूध जाण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. पाजण्याआधी पाण्याने भरून दट्टा सलग सरकतो का बघा, अडकला की सिरिंज फेकून द्या. किंमत पाच-दहा रुपये. बाटली वापरत असाल तर निपलला भोक इतकंच हवं की उलटी धरल्यावर थेंब थेंब पडेल. धार लागली तर भोक मोठं, दाबल्याशिवाय थेंब येत नसेल तर लहान. तापवलेल्या सुईने पाडा.

*कसं धरायचं.* पोटावर, चारही पाय टॉवेलवर, मान सरळ, डोकं किंचित वर. आईजवळ ते असंच लुचतं. बाळासारखं उताणं कधीही नाही. आधी करंगळी तोंडात देऊन चोखतंय का बघा. चोखत नसेल तर तोंडात दूध घालू नका, ते गार आहे किंवा फार अशक्त आहे. सिरिंजचं टोक ओठाच्या बाजूने आत, जिभेवर, आणि ते चोखेल तेवढ्याच वेगाने दट्टा सरकवायचा. ते गिळताना कान मागेपुढे हलतात, तेवढी खूण पुरे.

नाकातून दूध आलं की थांबा. डोकं खाली झुकवून नाक पुसा, श्वास नीट होईपर्यंत काही देऊ नका. नंतर श्वास जलद झाला, छातीत घरघर आली किंवा जीभ निळसर दिसली तर लगेच दवाखाना.

पाजून झालं की उभं धरून पाठीवर दोन बोटांनी थोपटा, ढेकर निघेल. मग कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा पुसून दोन्ही करवा. आई असेल तर हे ती चाटून करते, नसेल तर तीन आठवड्यांचं होईपर्यंत दर वेळी आपल्यालाच करायचं आहे. शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी घट्ट हवी.

निळी_गोकर्ण

गावाकडे पावडर मिळत नाही, मागवली तरी चार दिवस लागतात. तोवर गाईचं दूध? म्हशीचं पाणी घालून? शेळीचं पचायला हलकं म्हणतात.

डोंगरवाट

तिन्हींत अडचण एकच. मांजरीच्या दुधात प्रथिनं सात टक्क्यांच्या आसपास असतात, गाईच्या आणि शेळीच्या दुधात तीन-साडेतीन, म्हशीच्या चारच्या जवळपास. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर, पण पाणी घातलं की आहेत ती प्रथिनंही निम्मी होतात. शेळीचं दूध गाईच्यापेक्षा फार वेगळं नाही. कॅलरी भरून काढायला जास्त पाजावं लागतं, त्याबरोबर दुधातली साखरही जास्त जाते आणि जुलाब लागतात. १०० ग्रॅमच्या पिल्लाला जुलाब एका दिवसात संपवतात.

अडल्यावर एक-दोन दिवसांसाठी न पातळ केलेलं शेळीचं किंवा गाईचं दूध उकळून, कोमट करून, थोडं थोडं आणि जास्त वेळा द्या, आणि पावडर लगेच मागवा. साखर, मध, बिस्किटं, सेरेलॅक घालू नका. त्याहून चांगला मार्ग म्हणजे जवळपास दुसरी पाजणारी मांजर शोधणं. तिच्या पिल्लांच्या वयात आठवडाभरापेक्षा जास्त फरक नसावा, दोन्हीकडे शिंका, डोळ्यांना चिकटा, जुलाब नसावेत. तिच्या अंथरुणाच्या फडक्याने नवीन पिल्लू पुसा आणि तिच्या पिल्लांच्या मधे ठेवा. बहुतेक मांजरी चाटून सामावून घेतात.

पाटलांचा_वाडा

पिल्लू दूध मागतंय तोवर पाजावं, पोट भरलं की स्वतःच सोडतं. मोजून कशाला?

रानजाई

आईजवळ हे खरं आहे. बाटलीवर नाही. सडातून दूध मेहनतीने, थोडं थोडं येतं, सिरिंजमधून आपण ढकलतो. चोखणं ही या वयात भुकेशिवायही चालू राहणारी क्रिया आहे, म्हणून ४ मिलीच्या जागी ८ पाजली तरी पिल्लू घेतं. मग पोट ताणतं, दूध उलटून नाकातून येतं, दुसऱ्या दिवशी पिवळे-हिरवे जुलाब. दोन वेळांच्या मधे रडत असेल तर मापापेक्षा जास्त न देता अंतर कमी करा.

पशुवैद्य_साताऱ्याचा

रानजाईंना दुजोरा.

दूध नीट मिळूनही वजन न चढणाऱ्या पिल्लांच्या हिरड्या एकदा बघा. पांढुरक्या असतील तर अंगावर पिसवा शोधा. शेपटीच्या मुळाशी काळी रवाळ घाण दिसते, ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली की लालसर पसरते. ते रक्त आहे. पन्नास-शंभर पिसवा एवढ्याशा पिल्लाला रक्तक्षयाने मारू शकतात. कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर किंवा थेंब वापरू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे, आईला लावलं तरी पिल्लांच्या पोटात जातं. बारीक दातांची फणी आणि साबणाच्या कोमट पाण्याची वाटी घेऊन एकेक पिसू काढून बुडवा, पिल्लू ओलं झालं तर पूर्ण कोरडं करूनच आईकडे द्या.

केतकी_वन

धन्यवाद, शतावरी रद्द. जिन्याखाली, माळ्यावर भटकी मांजर व्यालेली असते त्यांचं काय? आई दिसत नाही म्हणून लोक पिल्लं उचलून आणतात.

चिंचेचं_पान

उचलायच्या आधी बघा. स्वच्छ, गुबगुबीत आणि गप्प झोपलेली पिल्लं म्हणजे आई आहे, खायला गेली आहे. सलग रडणारी, मळलेली, शी लागलेली, हाताला गार लागणारी पिल्लं म्हणजे ती बराच वेळ आलेली नाही. गार पिल्लांसाठी थांबू नका, बाकीच्यांसाठी लांबून काही तास लक्ष ठेवा. जवळ उभं राहिलं तर ती येत नाही. ती येऊन गेली का हे कळण्यासाठी पिल्लांभोवती पिठाचं पातळ कडं करा, पावलांचे ठसे उमटतात.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात, आणि जागा ती खरंच बदलते. एकेक उचलून नेते, त्यामुळे मधल्या वेळात एखाद-दुसरं एकटं दिसतं. ते तिथेच राहू द्या. मात्र संध्याकाळपर्यंत ते तिथेच असेल तर ऊब द्या, वजन करा आणि वर लिहिलेल्या क्रमाने चालू करा. आई असेल तर तिला तिथेच जवळ खाणं-पाणी देणं हीच पिल्लांना दूध मिळवून देण्याची सगळ्यात खात्रीची पद्धत आहे.

मुंबईकरांसाठी: परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात मांजरांवरही उपचार होतात. इतरत्र जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी पशुचिकित्सालय आहे.

घारे_डोळे

दूध सोडवायचं केव्हा? चार आठवड्यांची झाली की आई उठून जायला लागते, तेव्हा दूध कमी पडलं असं समजायचं का?

रानजाई

तीन आठवड्यांना दात यायला लागतात, ते टोचतात म्हणून आई उठते. ते स्वाभाविक आहे. चार आठवड्यांना पिल्लांचं पॅकेटचं खाणं कोमट पाण्यात किंवा त्याच पावडरच्या दुधात भिजवून पेजेइतकं सैल करा, उथळ ताटलीत ठेवा. तोंड धरून त्यात बुडवू नका, नाकात जातं. बोटाला लावून चाटवा. पहिले चार-पाच दिवस जास्त अंगाला लागेल, पोटात कमी जाईल, म्हणून या काळात लुचणं चालू हवं आणि वजनही रोज. हळूहळू पाणी कमी करत सहा-सात आठवड्यांना कोरडं खाणं आणि वेगळ्या वाटीत पाणी. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका.

आणि पाजत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते, बोक्याला आत येऊ देऊ नका. पिल्लं खायला लागून तिचं दूध आटलं की शस्त्रक्रियेची तारीख घेऊन ठेवा.